पट्टीवाल्यांची विश्रांती

आमच्या भाऊजींना सगळे ट्रक ड्रायव्हर पट्टीवाले म्हणतात. रोजच्या वहीतल्या रेघा ते स्टीलच्या पट्टीने मारायचे, म्हणून. बाकीच्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. भाऊजींची वही मात्र परीक्षेला बसल्यासारखी. गाडी कधी सुटली, कधी थांबली, आपण कधी झोपलो, सगळं सरळ रेघेत. आणि त्यातलं निम्मं धादांत खोटं.

मला ते ठाऊक होतं, कारण कंपनीच्या ऑफिसात त्या वह्या तपासायचं काम माझंच. वहीत जिथे ‘विश्रांती’ असायची, तिथे भाऊजी वाट वाकडी करून घरी गेलेले असायचे, माझ्या ताईकडे. दोन तास तिच्यासमोर बसायचं, जेवायचं, चार गोष्टी बोलायच्या आणि पुन्हा रस्ता धरायचा. मी डोळे मिटून शिक्का मारायचे. बहिणीचा संसार चाललाय ना, मग माझ्या बापाचं काय जातं?

मग वह्या गेल्या आणि प्रत्येक ट्रकमध्ये यंत्र बसलं. गाडी हलली की ते आपलं आपण लिहितं. ड्रायव्हरांनी त्याचं नाव सासूबाई ठेवलं. ते शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. दिवसभर गाडी चालवली की दहा तास सलग विश्रांती, मध्ये गाडी हलली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गोदामाच्या आवारात गाडी पुढेमागे करायची असेल तर आधी पिवळं बटण दाबायचं, मग सासूबाई काणाडोळा करतात. भाऊजींनी हे एका कागदावर पट्टीने चौकट आखून लिहून घेतलं. तरी पहिल्याच महिन्यात त्यांना दोन लाल शेरे मिळाले. तिसरा मिळाला की नोकरी जाणार होती. नोकरीबरोबर विमाही जाणार होता, आणि ताईच्या हृदयाचं ऑपरेशन त्याच विम्यावर व्हायचं होतं.

ऑपरेशन गुरुवारी दुपारी तीनला ठरलं. ताईने एकच हट्ट धरला, यांना बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही. भाऊजींनी शब्द दिला. सुट्टी मागितली तर मिळाली शुक्रवारपासून. तरी गणित बसत होतं. बुधवारी रात्री अकराला ते परगावच्या गोदामापाशी पोचले आणि गाडी रांगेत लावून झोपले. सकाळी नऊला दहा तास भरणार, माल उतरवून निघायचं, चार तासांत हॉस्पिटल.

साडेसातला रखवालदाराने गाडीचं दार ठोकलं. रांग सरकली होती. भाऊजी अर्धवट झोपेत उठले, गाडी तीस पावलं पुढे घेतली आणि पुन्हा आडवे झाले. पिवळं बटण दाबायचं राहिलं. तीस पावलं वीस वर्षांत कुणी वहीत लिहिली नव्हती, मग झोपेत ती कशी आठवणार?

आठला मी ऑफिसात कॉम्प्युटर उघडला. भाऊजींच्या नावापुढचा विश्रांतीचा हिरवा पट्टा साडेसातला तुटलेला होता. आता त्यांना साडेपाचपर्यंत गाडी हलवता येणार नव्हती. मी फोन केला. ते म्हणाले, “गाडी इथेच सोडतो. साडेआठची बस आहे, दोनपर्यंत पोचेन.”

“थांबा भाऊजी,” मी म्हणाले. “गाडी सोडून आलात तर आणखी बोलणी खाल. मी साहेबांना सांगून नीट करते.”

इतकी वर्षं मी नीटच करत आले होते. शिक्का माझ्या हातात होता, त्याचा माज होता मला. साहेब उगवले साडेनऊला. त्यांनी ऐकून घेतलं, दोन ठिकाणी फोन लावले आणि मान हलवली. गाडी चालल्याची नोंद कुणालाच पुसता येत नाही, त्यांनाही नाही. मी भाऊजींना कळवलं तेव्हा साडेआठची बस कधीच गेली होती. ते दहाच्या बसमध्ये चढले.

पावणेतीनला ताईला न्यायला आले. तिने खाटेची कड धरून ठेवली आणि पाच मिनिटं मागितली. डॉक्टर भला माणूस, त्याने वीस दिली. आज टळलं तर पुढची तारीख महिन्याने मिळणार होती, आणि महिनाभर हे हृदय धरणार नाही, असं तो आधीच म्हणाला होता. शेवटी तिची बोटं मी सोडवली. एकेक करून.

“तू बाहेर येशील ना,” मी म्हणाले, “तेव्हा ते समोर असतील.”

भाऊजी तीन वीसला धापा टाकत जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत ते त्या बंद दारासमोर उभे होते, कितीदा सांगितलं तरी बसले नाहीत. ताई आतच गेली, बाहेर आलीच नाही.

साडेआठच्या बसबद्दल ते मला आजवर एका शब्दाने बोललेले नाहीत. बोलले असते, चारचौघांत कानाखाली मारली असती, तरी मला बरं वाटलं असतं.

महिनाअखेरीला प्रत्येक ड्रायव्हर आपल्या नोंदी बघून सही करतो. भाऊजी माझ्या टेबलासमोर बसले. साहेब जाता जाता म्हणाले, तिसरा शेरा नाही, सुधारले बरं का पट्टीवाले. मी एकेक कागद पुढे सरकवत होते. गुरुवारचा आला. सकाळी साडेसातपासून दिवस संपेपर्यंत एकच हिरवा पट्टा, कुठेही न तुटलेला. पुढे लिहिलं होतं, विश्रांती.

भाऊजींनी सवयीने खिशातून पट्टी काढली आणि त्या ओळीखाली धरली. बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“वीस वर्षं खोटं लिहिलं ग मी,” ते म्हणाले. “पण इतकं खोटं मला कधी जमलं नाही.”

मग त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि सही केली.