खोडलेली ओळ

गुरुजी गेल्यावर त्यांच्या सुनेने त्यांचे सगळे कागद धुळ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊन टाकले. त्यांचं मुंग्यांसारखं अक्षर वाचता येणारी मी एकटीच उरलेली, म्हणून यादी करायला मला बोलावलं. जळगावहून एसटीने जायचं, चारपर्यंत कागद लावायचे आणि परत यायचं. पंधरा दिवस मजेत गेले.

गुरुजी जळगावात गाणं शिकवायचे. मी फैजपूरची, केळीवाल्यांची मुलगी. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, केळी म्हणजे केयी. माझ्या पहिल्याच जाहीर कार्यक्रमात अभंग गाताना 'सावळा'चा 'सावया' झाला. पेपरात गाण्यांवर टोपणनावाने लिहिणारा एक टीकाकार होता. त्याने आपल्या लेखात त्या एका अक्षराची यथेच्छ टर उडवली. गल्लीतल्या पोरी मला 'सावया' म्हणून हाका मारायला लागल्या.

मी रडतच गुरुजींकडे गेले. ते मूळचे धुळ्याकडचे, माया आली की अहिराणीत शिरायचे. म्हणाले, "डोया पूस, बेटी. पेपर शे तो, रद्दीमा जाई." त्यांच्याही तोंडी डोळ्यांचा डोया झाला होता, पण मला तेव्हा ते कुठे ऐकू येतंय! मी पुन्हा स्टेजवर चढले नाही. शाळेत पोरांच्या प्रार्थना बसवत नोकरी काढली.

सोळाव्या दिवशी त्या लेखाचा कच्चा खर्डा हाती आला. अक्षर गुरुजींचं, खाली तेच टोपणनाव. अंगाचा तिळपापड झाला. त्या टीकाकाराला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या, त्याही गुरुजींच्याच ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पीत.

खर्ड्याच्या शेवटी एक ओळ होती, आडव्या रेघेने खोडलेली: 'असा आवाज मी खानदेशात ऐकलेला नाही.' शेजारी समासात लिहिलं होतं: 'नको. आपलीच शिष्या आहे.'

म्हणजे टर उडवताना शिष्या आड आली नाही, कौतुक करताना बरोबर आली! लोक म्हणतील, जुनी माणसं तत्त्वाची होती. असतील. ती एक ओळ छापली असती तर मी गात राहिले असते, एवढंच मला कळतं.

ग्रंथालयातली मुलगी समोर कॉम्प्युटरवर नोंदी करत होती. तिने कागद हातात घेऊन विचारलं, "अक्का, यातलं खोडलेलं सोडून देऊ ना?"

"नाही," मी म्हटलं. "खोडलेलं आधी लिही."