हुस्नाबानोचं तोंड

मंगरूळपीरच्या दर्ग्यालगत सैफुद्दीनचं अत्तराचं दुकान होतं, आणि त्याच्या बायकोच्या, हुस्नाबानोच्या, हिरड्यांतून पू यायचा, तोंडाला घाण वास मारायचा. गावाला हसायला एवढं पुरे होतं. सैफुद्दीननं आधी तिला दुकानाकडे फिरकायची बंदी केली, मग हळूहळू जवळ बसायचीही.

बाभळीच्या सालीच्या गुळण्या झाल्या, तुरटी झाली, हकिमाचं मंजन झालं. सकाळी उशीवर रक्ताचा डाग ठरलेलाच. बत्तिसाव्या वर्षी भाकर दुधात कुस्करून गिळायची वेळ आली, तेव्हा सैफुद्दीननं तिला कामरगावला भावाकडे धाडलं. बरी होऊन ये, म्हणाला.

भाऊ रऊफ पिंजारी होता. १९३६च्या उन्हाळ्यात त्यानं तिला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. औषधानं आता भागत नाही, हिरडी कापून आतली घाण खरवडावी लागेल आणि हलणारे दात काढावे लागतील, असं डॉक्टरनं सांगितलं. सुई टोचून तोंड बधिर केलं, तरी दातांच्या मुळाशी घासणारं हत्यार तिला कानात ऐकू येत होतं. चार खेपा झाल्या. सात दात गेले.

दोन महिन्यांत हिरड्या घट्ट झाल्या, वास गेला. ती रऊफसोबत मंगरूळपीरला परतली, तर दारात एक तरणी बाई तांदूळ निवडत बसलेली. तिचं नाव जमीला. निकाहाला पंधरा दिवस झाले होते.

सैफुद्दीन ओशाळलासुद्धा नाही. मागची खोली रिकामी आहे, तिथं राहा, म्हणाला. हुस्नाबानो उभीच राहिली.

"हिरडी कापता कापता डॉक्टर थांबला अन् मले इचारलं, दुखते काय बाई? तो परका मानूस. तुमी सोळा वर्सांत एकडाव तरी इचारलं काय?"

"आता कायले उकरून काढून राह्यली?" एवढं बोलून तो दुकानात गेला.

परतीच्या वाटेवर रऊफ त्याला शिव्या घालत होता. कामरगावात भावजयीनं सगळ्यांना एका दस्तरखानावर वाढलं आणि हिला दाराशी, टवके उडालेल्या वेगळ्या ताटलीत. रऊफ उसळला, तसं तिनं खुणेनंच त्याला बसवलं. बरी झाले हे आता कुणाकुणाला तोंड उघडून दाखवत फिरायचं?

पुढची एकोणीस वर्षं ती त्याच ताटलीत जेवली.