सुमित्रेची टेकडी

हेवा कसा करावा हे आमच्या ओळीतल्या मनोरमेकडून शिकावं. भोपाळ राजधानी झाली, शेजारी मोठा कारखाना उभा राहिला आणि विदर्भातून आम्ही मंडळी इथल्या क्वार्टरांत राहायला आलो. आमचे हे आणि मनोरमेचा नवरा नीळकंठ एकाच खात्यात. नीळकंठाचा थोरला चुलतभाऊ शांतारामही तिथेच लागला होता, पण वर्षभरात त्याने नोकरी सोडली. गावाबाहेरच्या दगडी टेकडीचा ठेका त्याला मिळाला आणि नव्या राजधानीला दगड कितीही हवाच होता. मनोरमेचं सुख तिथंच संपलं.

त्या संक्रांतीला शांतारामच्या बायकोनं, सुमित्रेनं, हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटल्या. आम्ही बाकीच्या बोरं-गाजरं देणाऱ्या. मनोरमा रात्री जेवलीसुद्धा नाही.

"अहो, जाऊबाई आता पापडही विकत आणतात," ती नवऱ्याला म्हणाली.

नीळकंठ पेपर वाचत होता. "काँगोत बघ. जमिनीत तांबं, हिरे, काय म्हणशील ते. स्वातंत्र्य मिळालं नाही तोच तांब्याचा प्रांत वेगळा होऊन बसला. आयतं निघतं ना, मग पिकवायचं, शिकायचं सोडून जो तो खाणीवर हक्क सांगायला धावतो."

"मला काँगोचं काय सांगता? तुम्ही टेकडीवर जा. भावजी भागीदार करून घेतील."

हे रोजचंच. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. हेवा मलाही वाटे, पण मी निदान नवऱ्याला सुखानं झोपू द्यायची.

टेकडीवर मात्र काँगोच अवतरला होता. शांतारामचे धाकटे भाऊ वर्ध्याची शेती पडीक टाकून आले. कामाला कुणी हात लावेना, हिस्सा मात्र प्रत्येकाला हवा. शांतारामचा दिवस पहारेकरी नेमण्यात आणि वकिलाकडे जाण्यात सरू लागला. शेवटी भावाभावांत डोकी फुटली आणि कोर्टानं कामच बंद केलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, आमच्याकडे कुणाला काही कळायच्या आत, सुमित्रा मनोरमेकडे आली. मी तिथेच गहू निवडत होते.

"टेकडी गेली," सुमित्रा म्हणाली. "हे सकाळी कारखान्यात विचारायला गेले होते. एकदा सोडून गेलेल्याला परत घेत नाहीत म्हणे. तुझं बरं आहे बाई, महिना भरला की पगार. तुझा हेवा वाटतो मला."

मनोरमेचा चेहरा असा खुलला, की मला तिचा रागच आला. तिने लगबगीने चहा टाकला, त्यात सढळ हाताने साखर घातली आणि सुमित्रेला आग्रह करकरून पाजला.

तेवढ्यात नीळकंठ आला. पाळी सुटायला अजून अवकाश होता आणि त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"घे, झालं एकदाचं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला. "राजीनामा देऊन आलो. उद्यापासून दादाबरोबर टेकडीवर."

सुमित्रेनं मान खाली घातली. मनोरमा बराच वेळ पुड्याकडे पाहत राहिली, मग तिनं हळूच माझ्याकडे पाहिलं. आमचे हे अजून कामावर होते. ती नजर मी ओळखली आणि गव्हाचं सूप उचलून घरी आले.