गाऱ्हाण्याची फाइल

"हलकी कर गो बाय, पण सुकी नको." उजवा कान तळहाताने झाकायचा, डाव्या कानाला स्वस्तातला मोबाईल लावायचा, डोळे मिटायचे आणि हे वाक्य टाकायचं. कट्टा गावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाने तात्यांची ही तऱ्हा पाहिलेली. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो एकच गोष्ट दहादा सांगतो आणि एकदाही आवाज चढवत नाही.

तात्या समुद्राकाठच्या तोंडवली गावचे. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर, वायरलेसच्या खोलीत गेलेली. निवृत्त होऊन आले आणि एक छोटा रेकॉर्डर घेऊन गावभर फिरू लागले. गावाची वेबसाइट झाली तेव्हा तिच्यावर गावचे आवाज ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि फाइली तयार करायला मला धरलं.

बटण दाबलं की लगेच वाजलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. का, तर ऐकणारा गावचाच कुणी बोटीवर, भर समुद्रात असणार, जेमतेम नेटवर्कवर. फाइल जड असली तर अडकत अडकत वाजणार. फार दाबून लहान केली तर माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येणार. मी एकेका फाइलीच्या चार चार नकला काढायची आणि तात्या त्या घेऊन बसस्टॉपमागच्या फणसाखाली जायचे, कारण तिथे रेंज सगळ्यात वाईट. डोक्याला ताप नुसता! पण चौथी नक्कल बरोबर निघाली की माझ्यापेक्षा तेच जास्त खूश व्हायचे, आणि मग मलाही राग धरून ठेवता यायचा नाही.

त्यांच्या गावात देवाला गाऱ्हाणं घालणारे एक वयस्क मानकरी होते. ते एकेक वाक्य म्हणणार आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणणार, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गेल्या वर्षीच्या शिमग्यानंतर त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. मुलगा बोटीवर. त्याने तात्यांना कळवलं, जत्रेला मला यायला मिळत नाही, निदान बाबांचं गाऱ्हाणं साइटवर ठेवा. त्या आवाजाचं रेकॉर्डिंग एकच होतं, तात्यांनी केलेलं, आणि ते माझ्या कॉम्प्युटरवर होतं.

इथे माझा शहाणपणा नडला. लोकांचे होकार रेकॉर्डरच्या फार जवळून आलेले, फाटलेले. मी म्हटलं, ऐकणारा आपल्यातलाच, "व्हय म्हाराजा" तो आपसूक म्हणणारच, मग ते फाइलीत कशाला? सगळे होकार कापले. मधल्या मोकळ्या जागाही कापल्या. फाइल निम्मी झाली, आणि त्या आनंदात मी ती मूळ फाइलीवरच सेव्ह केली.

तात्यांनी मोबाईल कानाला लावला. पहिलं वाक्य संपलं, त्यांनी होकाराला तोंड उघडलं, तोवर दुसरं वाक्य सुरू. असं तीनदा झालं.

"माका व्हय म्हणाक सवडच ठेवलंस नाय," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "मूळ खंय आसा?"

मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. स्टुलावर बसले आणि म्हणाले की ज्यावर ते रेकॉर्ड केलं ते मेमरी कार्ड घरी आहे. खाऱ्या हवेने खराब होऊ नये म्हणून वापरलेलं प्रत्येक कार्ड ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. मी दुकानाचं शटर ओढलं, त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि तोंडवली गाठली.

दारात काकी, तात्यांच्या पत्नी, तोच डबा घासत बसलेल्या. तांदूळ संपले होते, शेवटचे सकाळीच पेजेला घातलेले. तात्यांनी ओल्या डब्यात हात घालून तळ चाचपला.

"ती काळी चीप होय?" काकी म्हणाल्या. "ती देवाकडे ठेवलंय. ह्यांचो देव तोच."

देव्हाऱ्यात, बाळकृष्णाशेजारी, हळदकुंकू वाहून कार्ड ठेवलेलं! जीव भांड्यात पडला. मी उंबऱ्यावर बसून हसत होते की रडत होते, देव जाणे. तात्यांनी लुंगीच्या टोकाने हळद पुसली, कार्ड रेकॉर्डरला लावलं, आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, होकारांसकट, खणखणीत वाजलं.

यावेळी मी श्वाससुद्धा कापला नाही. डाव्या-उजव्या कानाचे दोन वेगळे आवाज मिसळून एक केले, फाइल बेताची दाबली, फणसाखाली तपासून घेतली. जत्रेच्या दिवशी मुलाने बोटीवरून कळवलं की एकदाही न अडकता वाजलं.

तात्या यंदा मे महिन्यात गेले, झोपेतच. पुढच्या महिन्यात काकी दुकानात आल्या. ह्यांचा आवाज कुठे असला तर ऐकव, म्हणाल्या. मी सगळ्या फाइली धुंडाळल्या. गावातल्या प्रत्येकाचा आवाज होता, तात्यांचाच नव्हता. रेकॉर्डर हातात असला की हा माणूस खोकायचासुद्धा नाही. दोन तास गेले. मला काकींकडे बघवेना.

शेवटी कार्डावरचं गाऱ्हाणं लावलं. मानकऱ्यांचं पहिलं वाक्य संपलं. लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि त्या सगळ्यांच्या पुढे, रेकॉर्डरला चिकटून, जरा फाटलेला एक आवाज आला. देवासमोर तात्यांनाही गप्प राहवलं नव्हतं. फाटतो म्हणून मी सगळ्यात आधी कापला होता तो हाच.

"हेच ते," काकी म्हणाल्या. खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि मानकऱ्यांचं पुढचं वाक्य संपायची वाट बघू लागल्या.