पाऊण तासाची पायवाट

रविवारी सकाळी रत्नागिरीच्या स्टँडवरून सुटणाऱ्या पहिल्या गाडीने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे, तेथून डोंगर किंवा किनारा पायी ओलांडायचा आणि दुसऱ्याच एखाद्या गावातून परतीची गाडी धरायची, हा माझा वीसहून अधिक वर्षांचा नेम होता. गेलो त्या वाटेने मी कधी परत आलो नाही. या नेमाचा मला अभिमान होता, आणि अभिमानाची जी फळे भोगावी लागतात ती मी भोगली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

मी व्यवसायाने अर्जनवीस. कचेरीच्या आवारात फणसाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत, तीही अपुरी. तथापि या तालुक्यातील कितीतरी पदवीधरांनी आपले म्हणणे माझ्या शब्दांत सरकारदरबारी मांडले आहे, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्यांची गाऱ्हाणी कागदावर उतरवणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी असे ठिकाण हवे असते, जेथे कोणी काही मागत नाही. ते मला सड्यावर सापडे. डोंगरमाथ्यावरच्या सपाट, काळ्या कातळाला आमच्याकडे सडा म्हणतात. तेथे वारा असतो, करवंदीची जाळी असते आणि माणूस सहसा नसतो.

गाड्यांची वेळापत्रके मला तोंडपाठ होती. कोणती गाडी सुट्टीच्या दिवशी येत नाही, कोणत्या थांब्यावर चालक चहाला उतरतो, भरतीच्या वेळी कोणती वाळूची पुळण चालण्याजोगी राहत नाही, हे सारे मला ठाऊक होते. स्टँडवरचे चौकशी खिडकीतले गृहस्थ एकदा एका प्रवाशाला म्हणाले होते, "मला काय विचारता? ते बाकावर बसलेत ना, त्यांना विचारा." ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

या सर्व वाटांत माझी आवडती वाट एकच. थोरल्या बहिणीच्या गावाची.

तिचे गाव डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात आहे. सकाळी एक गाडी येई, देवळासमोर वळे आणि निघून जाई. संध्याकाळी तीच पुन्हा येई. देवळापासून आक्काचे घर हाकेच्या अंतरावर. मेहुणे जहाजावर खलाशी होते. ते वारून बरीच वर्षे झाली. मुलगा मुंबईला नोकरीला, सूनही तिकडेच. घरात आक्का एकटी, दोन कोंबड्या, परसात पाच-सात माड.

"आलास? बस. आज पेज आहे, आंबोळ्या नाहीत," ती म्हणे.

"मी न्याहरीसाठी येत नाही, आक्का. चालायला येतो."

"चालायला रत्नागिरीत रस्ते नाहीत? गाडीत बसून चालायला येणारा तू एकटाच रे, मेल्या."

पेज पिऊन मी निघे. घराच्या मागूनच पाखाडी सुरू होते. पाखाडी म्हणजे चिऱ्याच्या दगडांच्या पायऱ्यांची वाट. काजूंच्या सावलीतून ती वर चढते. पहिल्या वळणावर गडगा आहे, नुसते दगड रचून केलेली बुटकी भिंत. आक्का तेथपर्यंत मला पोचवायला येई आणि गडग्यावर हात टेकून उभी राही. तिचे गुडघे पुढे जाऊ देत नसत. मी वर सड्यावर येई, मागे समुद्र, पुढे खाडी. मग आमराईतून खाडीकाठच्या गावात उतरून सव्वाबाराची गाडी धरी. मला पाऊण तास लागे. कधी कधी त्याहून कमी.

आक्काला मधुमेह आहे. महिन्यातून एकदा ती सकाळच्या गाडीने रत्नागिरीला येई, दवाखान्यात तपासून गोळ्या घेई, दुपारी आमच्याकडे जेवे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाई. मुलगा तिला मुंबईला ये म्हणून सारखा सांगे. शेवटी माझ्यासमोरच दोघांचे ठरले होते.

"गाडी आहे तोवर राहा," तो म्हणाला. "गाडी बंद झाली की मग हट्ट नाही करायचा. मामा, तुम्ही साक्षीला."

"गाडी कशाला बंद होत्येय?" आक्का म्हणाली. "तुझा मामा बसलाय ना गाड्या राखायला."

त्या वेळी आम्ही तिघेही हसलो.

पुढे गाडी बंद होणार, ही बातमी खरोखरच आली. उतारू कमी, असे कारण सांगितले जात होते. गावातले चौघे जण माझ्या टेबलाशी आले. आक्काच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी त्यांचे पुढारी.

"थोडक्यात लिवा," ते म्हणाले. "गाडी बंद करू नका, म्हातारी माणसं हायत, बस."

"अर्ज म्हणजे निरोप नव्हे," मी सांगितले. "त्याला अंग लागते."

"येवढं वाचतील काय ते?"

"मी वाचायला लावतो," मी म्हणालो.

तो अर्ज मी घरी बसून तीन दिवस लिहिला. मोबदला घेतला नाही. माझ्या बहिणीचे घर त्या अर्जावर उभे होते, हे मला कोणी सांगायला नको होते. चार पाने झाली. आमच्या धंद्याची एक रीत आहे. जमीन असो, विहीर असो, घर असो, तिच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहावे लागते. त्याला चतुःसीमा म्हणतात. गाडीच्या अर्जात गावाच्या चतुःसीमा लिहा, असे मला कोणीही सांगितले नव्हते. पण त्यावाचून मला अर्ज उघडाबोडका वाटला, आणि त्या गावाच्या चारही बाजू माझ्याइतक्या कोणी चालून पाहिल्या होत्या? चौथ्या परिच्छेदात मी लिहिले, "पूर्वेस डोंगर असून त्यावरून पूर्वापार वहिवाटीची, चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी खाडीकाठच्या गावास जाते. सदर पायवाट सुस्थितीत व रमणीय असून ती अवघ्या पाऊण तासात पार होते, हे अर्जलेखक स्वानुभवाने नमूद करतो."

सह्यांसाठी गावात गेलो तेव्हा देवळात बसून मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. लोक ऐकत राहिले. एकाने "झकास" म्हटले. आक्का खांबाला टेकून बसली होती.

"हा पाऊण तास कुणाचा रे?" तिने विचारले.

"चालणाऱ्याचा," मी म्हणालो आणि पुढचा परिच्छेद वाचू लागलो.

तिने सही केली. तिला सही करायला वेळ लागतो, एकेक अक्षर ती बसवून काढते. ती सही करीत असताना मला तिचे म्हणणे पुन्हा एकदा ऐकता आले असते. मी शाईकडे पाहत होतो.

उत्तर दीड महिन्याने आले. कोणत्या कार्यालयाचे, ते येथे लिहीत नाही. त्यांचा दोष नाही. पत्र लहान होते. आपल्याच अर्जातील परिच्छेद चारमध्ये नमूद केल्यानुसार सदर गावास लगतच्या गावातील गाड्यांचा लाभ सुस्थितीतील पायवाटेने पाऊण तासात घेता येतो, सबब स्वतंत्र फेरी चालू ठेवण्याची आवश्यकता दिसून येत नाही. माझ्या हयातीत एखाद्या कार्यालयाने माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला असेल, तर तो हा.

मी दुसरा अर्ज केला. परिच्छेद चार मागे घेत असल्याचे त्यात लिहिले. एकदा लिहून, सही होऊन, आवक शिक्का पडलेली गोष्ट मागे घेता येत नाही, हे मी इतकी वर्षे इतरांना समजावून सांगत आलो आहे. त्या अर्जाला उत्तर आले नाही. गावकऱ्यांना मी एवढेच कळवले की मागणी अमान्य झाली. पत्राची माझ्याकडे आलेली प्रत टेबलाच्या खणात तळाशी ठेवली. आक्काला काही सांगितले नाही. सांगायचे ठरवून दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा गोळ्यांची चौकशी करून ठेवला.

गाडी बंद झाली. मुलाने शब्दाप्रमाणे बोलावणे धाडले. त्याला रजा एकाच दिवसाची होती. तो रविवारी रत्नागिरीला येणार होता आणि सोमवारी पहाटेच्या रेल्वेने आईला नेणार होता. तिला रत्नागिरीपर्यंत आणण्याचे काम माझे.

त्या रविवारी मी पहिल्या गाडीने खाडीकाठच्या गावी उतरलो आणि उलट्या दिशेने सडा ओलांडून तिच्याकडे गेलो. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतण्याची माझ्या आयुष्यातील ती पहिली वेळ ठरणार होती, पण हे मला जाताना ठाऊक नव्हते. मी रिक्षा सांगून ठेवली होती. ती लांबच्या रस्त्याने, डोंगराला वळसा घालून येणार होती.

आक्का ओटीवर तयार बसली होती. एक कापडी पिशवी, गोळ्यांची डबी, छत्री. कोंबड्या शेजारी दिल्या होत्या.

"रिक्षा येईल दहापर्यंत," मी म्हणालो.

"नको सांगून टाक त्याला. पाऊण तासाची तर वाट."

मी तिच्याकडे पाहिले. ती कुलूप लावीत होती.

"तुला कोणी सांगितलं, आक्का?"

"पंचायतीच्या फळ्यावर लावलाय कागद. शेजारणीच्या सुनेनं वाचून दाखवलान. तुझं नाव नाही त्यात. पण देवळात तूच नाही वाचलंस, सुस्थितीत म्हणून? गावात दुसरं कोण बोलतं असं?"

"आक्का, मी..."

"चल. ऊन होईल."

रिक्षावाल्याला मी फोनवर येऊ नको म्हणून सांगितले. तिने किल्ली शेजारणीकडे दिली. शेजारीण रडू लागली तेव्हा आक्का म्हणाली, "रडतेस काय, माडांना पाणी घाल." साडेनऊ वाजता आम्ही पाखाडीला लागलो.

ज्या पायऱ्या मी बोलत बोलत, कधी शीळ घालीत चढलो होतो, त्या मी त्या दिवशी प्रथम पाहिल्या. एकही पायरी दुसरीसारखी नव्हती. कित्येक गुडघ्याइतक्या उंच. दोन ठिकाणी चिरे निखळून गेले होते आणि तेथे नुसती माती होती. त्या जागा मी उड्या मारून ओलांडीत असे. आक्का प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवी, मग थांबे, मग माझा दंड धरी. गडग्याशी आलो तेव्हाच तिला धाप लागली होती.

"इथवरच यायची मी," ती म्हणाली. गडग्यावर तिने नेहमीसारखा हात टेकला, मग काढून घेतला.

सड्यावर सावली नव्हती. कातळ तापला होता. ती छत्री धरून हळूहळू चालत राहिली आणि मी तिच्या पावलाने चालण्याचा प्रयत्न करीत राहिलो. मध्येच ती मागे वळली.

"आपलं छप्पर दिसतं का रे इथून?"

दिसत नव्हते. "दिसतं," मी म्हणालो.

"खोटं बोलतोस. माडांच्या आड आहे ते. लग्न होऊन आले त्या वर्षी मला हे इथं घेऊन आले होते, तेव्हाच बघितलंय मी." मग थोडे चालून म्हणाली, "लिहिताना मात्र खरं लिहिलंस हो. वाट आहे. वहिवाटीची आहे."

तिने याहून मोठ्याने काही बोलायला हवे होते, असे मला आजही वाटते.

सव्वाबाराच्या गाडीचा हॉर्न आम्ही आमराईच्या माथ्यावरूनच ऐकला. उतरण चढणीपेक्षा वाईट निघाली. शेवटच्या पायऱ्यांवर तिचे गुडघे वाकेनात, तेव्हा ती खाली बसली आणि लहान मूल उतरते तशी बसून बसून, एकेक पायरी उतरू लागली. लुगड्याला लाल माती लागली. मी पिशवी आणि छत्री घेऊन एक पायरी पुढे, तोंड तिच्याकडे करून, उलटा उतरत होतो. आमराईतले राखणदार पाहत उभे होते. त्यातला एक मला ओळखणारा होता. "काय हो, आज उशीर?" असे तो म्हणाला आणि मग तिला पाहून वाटेतून बाजूला सरला.

थांब्याच्या शेडमध्ये बसल्यावर ती पाणी प्यायली, तिने गोळी घेतली.

"किती वाजले?"

"दीड."

"निघालो कधी?"

"साडेनऊला."

तिने बोटांवर मोजले. "चार तास," ती म्हणाली. "हे लिहून ठेव कुठंतरी."

मी हो म्हणालो. पुढची गाडी चारची होती. तोवर आम्ही दोघे त्या शेडमध्ये बसून राहिलो. तिने सुनेबद्दल, मुंबईच्या पाण्याबद्दल, मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घराबद्दल विचारले. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले. क्षमा मागण्यासाठी मी मनात तीन-चार वाक्ये जुळवली. ती सगळी अर्जातल्यासारखी वाटली, म्हणून बोललो नाही.

चारची गाडी वेळेवर आली. आत फारसे कोणी नव्हते. डोंगराच्या बाजूची खिडकी मोकळी होती, ती मी तिला दाखवली. ती पलीकडे, खाडीच्या बाजूला जाऊन बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन तिने डोळे मिटले.