गिरणीपाशी डावीकडे

जगातले सगळे रस्ते शेवटी एस्टोनियातल्या एका खेड्यालाच जाऊन मिळतात, यावर आमच्या घरमालकांचा जितका विश्वास होता, तितका मी इंजिनियर असूनही माझा गुरुत्वाकर्षणावर नव्हता. शिकागोबाहेर त्यांच्या घरात ते खाली राहत आणि आम्ही वर. महायुद्धात कोवळ्या वयात होडीतून पळालेल्या या माणसाने गाव मागे सोडलंच नव्हतं, ते आणून आमच्या उपनगरावर अंथरलं होतं. पाण्याची टाकी म्हणजे तिथलं दगडी चर्च, लाँड्री म्हणजे जुनी खानावळ, तिच्यापुढचा पेट्रोल पंप म्हणजे गिरणी आणि गिरणीपाशी डावीकडे वळलं की घर. गावच्या वाटेवर हे सगळं याच क्रमाने लागे. घर घेताना त्यांनी म्हणे खोल्या पाहिल्याच नाहीत, नुसता रस्ता तपासला. बँकेमागच्या धोंड्याला ते टोपी काढून नमस्कार करत, कारण असाच एक धोंडा कुण्या राक्षसाने त्यांच्या चर्चवर भिरकावला होता आणि नेम चुकला होता. आपल्याकडे गावोगावी पांडव एका रात्रीत देऊळ बांधून गेलेत, त्यामुळे मला हसायची सोय नव्हती. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही ते एकेकाळी तिथे राज्य केलेल्या स्वीडनच्या राजापासून इतिहास ऐकवत, तोवर पाणी जिन्यापर्यंत आलेलं असे.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, तशी आमची गत झाली. बायको सहज म्हणायची, "खानावळीत कपडे टाकून येते." लेकाने शाळेत आपण गिरणीमागे राहतो असं सांगितलं, तेव्हा बाईंचा काळजीचा फोन आला.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा तिकडची सोव्हिएत दारं जरा किलकिली झाली आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला इकडे यायची परवानगी मिळाली. ताटातूट झाली तेव्हा ती परकरी पोर होती. म्हातारा महिनाभर घर रंगवत होता, पण विमानतळावर जायच्या दिवशी काही केल्या गाडीत बसेना. मला म्हणाले, "तू घेऊन ये. तिथे भेटली तर पाहुणी होईल. ती घरी यायला हवी." खरं तर ते घाबरले होते. तिने आपल्याला ओळखलंच नाही तर, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होती.

त्यांच्या बहिणीला इंग्रजी येत नव्हतं. वाटभर आम्ही एकमेकांकडे पाहून नुसत्या माना डोलावल्या. टाकी दिसली तेव्हा काहीतरी बोलावं म्हणून मी बोट दाखवून म्हणालो, "किरिक." म्हणजे चर्च. गाडीवाला वेडा आहे, असं त्यांना वाटलं असावं. लाँड्री आल्यावर मी खानावळीचा त्यांचा शब्द उच्चारला, तशा त्या सावरून बसल्या. पुढच्या चौकात मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच पंपाकडे बोट केलं, "वेस्की," म्हणजे गिरणी, म्हणाल्या आणि माझा खांदा धरून मला डावीकडे वळायला लावलं. जन्मात न पाहिलेल्या गल्लीत त्या मला रस्ता दाखवत होत्या. फाटकात भाऊ टोपी हातात घेऊन उभा होता. मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. गल्लीतली माणसं बाहेर आली, आणि मला तर वरातच आणल्यासारखं वाटत होतं.

रात्री जेवताना बहिणीने सांगितलं, ते घरमालकांनी आम्हाला इंग्रजीत सांगितलं. चर्चचं छप्पर गेलं होतं, खानावळ पाडली होती, गिरणी तर युद्धातच जळाली होती. ते बराच वेळ काट्याने बटाटा कुस्करत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं, मी एक इकडे आणून ठेवली."

त्यांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. पंप गेला, तिथे औषधांचं दुकान आलं. घरचा पत्ता विचारणाऱ्याला मी मात्र अजून गिरणीपाशीच डावीकडे वळवतो, आणि आजवर कुणी चुकलेलं नाही.