समोरच्यांच्या बोलीत तोंड घालावं का?

खेळ संपला की पत्ते डब्यात जातात, पण टेबलावर बोललेलं काही डब्यात जात नाही. म्हणून आमच्या कोल्हापूरच्या ब्रिज क्लबात पत्त्यांपेक्षा किस्से जास्त! आणि बहुतेक एकाच गोष्टीचे. खेळाआधी बोली लागते: हुकूम कोणता, हात किती करणार. समोरची जोडी बोली चढवत असताना आपण मधे बोलावं, की 'पास' म्हणून गप्प बसावं?

*

माझे पार्टनर आण्णा. कोडोलीला त्यांची डेअरी आहे. हातात एक राजा दिसला की आण्णा मधे बोललेच! एकदा असेच बोलले, बोललेले हात झालेच नाहीत आणि सपाटून पडले.

मी हळूच विचारलं, "आण्णा, पानं नव्हती की हो?"

"न्हवतीच! पण ती दोघं लई खुशीत बोली लावत हुती. मला बघवंना!"

*

रिटायर्ड शिक्षक कुलकर्णी सरांचं उलटं. एकदा हातात तीन एक्के असूनही सर 'पास'! त्यांचा पार्टनर भडकला, "सर, कशाची वाट बघत होता?"

"चौथ्याची!"

*

शिवाप्पा कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर. एकदा ते पंख्याकडे बघत बसले. चहा गार झाला, तेव्हा कुठं 'पास' म्हणाले. त्यावर त्यांचा पार्टनर लगेच बोलला. समोरच्यांची तक्रार! एवढा वेळ घेतला म्हणजे पानं बरी आहेत, हे पार्टनरला आयतं कळलं. पंचांनीही तक्रार मान्य केली.

शिवाप्पा उखडले, "म्हंजे विचार करायचा न्हाय व्हय?"

आण्णा म्हणाले, "करा की! पर तोंडावर दिसू देऊ नका!"

*

माझी अडचण वेगळी. मला चारचौघांत बोलायलाच जमत नाही. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून गॅरेजात आहे. इंजिनाशी बोलावं लागत नाही. पानं चांगली असली तरी तोंडातून 'पास'च यायचा. शेवटी आण्णांनी निक्षून सांगितलं, "लेका, रविवारी बोलायची वेळ आली आन् गप बसलास, तर सांगलीच्या स्पर्धेला दुसरा पार्टनर नेतो."

ठरवलं, बोलायचंच. पण उगाच नाही.

रविवारी समोर एक वकील आणि त्यांचे मेहुणे. वकिलांनी सुरुवातच "चार बदाम" अशी केली. माझ्याकडे इस्पिकची लांबलचक रांग, बाकी काही नाही.

"चार इस्पिक," मी म्हणालो.

"डबल!" मेहुणे गरजले. म्हणजे पडलो तर दंड वाढणार.

खेळलो. एक हात कमी पडला.

वकील हसले, "पडणार हे दिसत होतं, मग बोललास कशाला रे?"

"तुमचे चार बदाम होत होते, साहेब. त्यात आमचं जास्त गेलं असतं."

वकिलांनी मेहुण्यांकडे बघितलं. मेहुण्यांनी छताकडे.

आण्णा पानं गोळा करत म्हणाले, "सांगलीला सकाळी लवकर निघायचं. डबा तू आण!"